तिचे डाग, त्याचे खड्डे

ओम पुरी यांचा पहिला चित्रपट मराठी होता, १९७६ सालचा ‘घाशीराम कोतवाल’. लहानपणी येऊन गेलेल्या देवीने त्यांच्या गालांवर कायमचे खड्डे ठेवले होते. पुढे ‘आक्रोश’ आणि ‘अर्धसत्य’ गाजले तेव्हा त्याच गालांचं कौतुक झालं. खरा, रापलेला, मातीतला चेहरा म्हणून. त्या काळात तसेच गाल घेऊन एखादी नायिका हिंदी किंवा मराठी पडद्यावर उभी राहिली का, हे वाचकांनी आठवून पाहावं. फार वेळ लागणार नाही.

देवी गेली. भारतातला अखेरचा रुग्ण १९७५ मधला, आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. गिरणाकाठच्या भडगावात काय किंवा खानदेशातल्या दुसऱ्या कुठल्या गावात काय, देवीचे व्रण आता उतारवयातल्या चेहऱ्यांवरच दिसतात. तरण्या गालांवरचे खड्डे मुरुमांचे असतात. निकाल मात्र जुनाच लागतो. पोराच्या तोंडावर असले तर ‘वयाचं आहे, जाईल’, आणि पोरीच्या तोंडावर असले तर ‘आता हिचं कसं जमायचं?’

उपचार कधी सुरू होतात, कोणाकडे होतात आणि शेवटी त्वचेवर काय उरतं, हे सगळं या दोन वाक्यांवरून बऱ्याच अंशी ठरतं. बाई आणि पुरुष यांच्या त्वचेत फरक आहेच. पण खड्ड्यांच्या बाबतीत तो लोकांना वाटतो तेवढा मोठा नाही. मोठा फरक आहे तो घरापासून दवाखान्यापर्यंतच्या वाटेत.

मुरुमांचा रोग जुना आहे. सुश्रुताने त्याला ‘मुखदूषिका’ म्हणून क्षुद्ररोगांत बसवलं, तरुणपणाशी त्याचं नातं सांगितलं आणि त्या पुळ्यांना काटेसावरीच्या काट्यांची उपमा दिली. ज्याने सावरीचं खोड जवळून पाहिलंय त्याला ती उपमा लगेच पटेल. कारण मात्र विसाव्या शतकात हाती लागलं. अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टन यांनी १९४१ मध्ये दाखवून दिलं, की वयात येण्याआधीच ज्यांचे वृषण निकामी झाले अशा पुरुषांना मुरूम येत नाहीत. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं की येतात. म्हणजे खेळ पुरुषी संप्रेरकांचा, अँड्रोजेनचा. ती बाईच्या शरीरातही असतात, अंडाशयात आणि मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत तयार होतात. त्यांच्या हुकमाने त्वचेतल्या तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, केसाच्या मुळाशी मेलेल्या पेशींचं बूच बसतं, आत जिवाणू वाढतात आणि सूज येते. सूज खोलवर गेली की त्वचेला उचलून धरणारं कोलॅजन विरघळतं. भरून येताना ते कमी पडलं तर खड्डा, गरजेपेक्षा जास्त झालं तर उंचवटा.

मुलांमध्ये हे संप्रेरक भरपूर, म्हणून सोळा-अठराच्या वयात गाठी आणि पू धरणारे जबर मुरूम त्यांनाच अधिक येतात. पुदुच्चेरीत ३०९ रुग्ण तपासून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही सर्वांत तीव्र श्रेणीचे मुरूम मुलग्यांत जास्त सापडले. यावरून कोणीही म्हणेल, मग खड्डेही पुरुषांनाच जास्त.

इंग्लंडमधल्या लीड्स इथल्या डॉक्टरांनी हे तपासून पाहिलं. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी १८५ रुग्णांचे व्रण मोजले. जवळपास ९५ टक्के लोकांच्या चेहऱ्यावर थोडेफार व्रण होते, आणि चेहऱ्याच्या बाबतीत बाई-पुरुष सारखेच निघाले. फरक दिसला तो गळ्याखाली. छाती, पाठ आणि खांद्यांवरचे व्रण पुरुषांत स्पष्टपणे जास्त होते, आणि तिथले जाड, फुगीर व्रणही. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती कुठल्याही मलमाच्या जाहिरातीपेक्षा मोलाची आहे. मुरूम सुरू झाल्यापासून नीट उपचार मिळेपर्यंत जेवढा उशीर, तेवढे व्रण जास्त. तीन वर्षांपर्यंतच्या उशिराचा हा परिणाम मोजता आला.

त्याच शहरातल्या संशोधकांनी दहा वर्षांनी पुटकुळ्यांचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. ज्यांना व्रण पडत नाहीत त्यांच्या शरीराचा प्रतिकार झटकन उसळतो आणि झटकन ओसरतो. ज्यांना पडतात त्यांच्यात तो हळू सुरू होतो आणि रेंगाळतो. एकाच घरातल्या दोन भावांना सारखेच मुरूम येऊन एकाचे गाल गुळगुळीत आणि दुसऱ्याचे खडबडीत का राहतात, याचं हे मोठं कारण. शेवभाजीचा तवंग त्यात नाही. खानदेशात तिखट आणि ‘उष्ण’ खाण्यावर खापर फोडायची रीत आहे, पण तिखटाविरुद्धचा पुरावा फार तोकडा आहे. साखर, मैदा आणि दुधाविरुद्धचा त्या मानाने बरा आहे.

आता पाठीबद्दल. पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणारा पोरगा उन्हात पळतो, घामेजलेला बनियन तासन्‌तास अंगावर ठेवतो. पाठीवरच्या गाठी तो कोणाला दाखवत नाही आणि डॉक्टरही चेहरा पाहून चिठ्ठी लिहितात. शर्ट काढायला सांगितलं तर निम्मं निदान समोर येईल. व्यायामशाळेत कुणाच्या सांगण्यावरून शरीर फुगवणारी स्टेरॉइड घेतली असतील तर मुरूम अक्षरशः उसळतात, आणि तो आजार मलमाने आटोक्यात येत नाही. मानेच्या मागे, मशीन अगदी बारीक मारलेल्या जागी, बारीक फोड येऊन पुढे त्यांच्या कडक गाठी होतात, हा प्रकारही जवळजवळ पुरुषांचाच. त्याला मुरूम समजून वर्षानुवर्षं तुरटी फिरवली जाते. अशा फुगीर व्रणांवर सुया किंवा लेझर मारण्याची घाई केली तर ते आणखी वाढतात. तिथे गाठीतच स्टेरॉइडचं (व्यायामशाळेतल्या नव्हे, सूज उतरवणाऱ्या) इंजेक्शन देऊन, काही आठवड्यांच्या अंतराने, ती बसवत न्यावी लागते.

बाईची गोष्ट वेगळ्या वेळी सुरू होते. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठाच्या २००८ च्या पाहणीत तिशीतल्या ३५ टक्के बायकांना मुरूम येत असल्याचं आढळलं. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २० टक्के होतं. चाळिशीत २६ आणि १२. म्हणजे पोरगा बहुधा विशीत यातून सुटतो, बाई दोन लेकरांची आई झाली तरी पुष्कळदा सुटत नाही. जबड्याच्या कडेने आणि हनुवटीवर, पाळीच्या आधी, दर महिन्याला. पाळी अनियमित असेल, ओठावर-हनुवटीवर राठ केस असतील, तर पीसीओएस या अंडाशयाच्या विकाराची शंका घ्यायला हवी आणि रक्तातली साखरही पाहायला हवी. हे न करता फक्त खड्डे बुजवायला घेतले तर एकीकडे जुने भरतात आणि दुसरीकडे नवे पडत राहतात.

आणि बाई ओरबाडते. पॅरिसच्या लुई ब्रॉक या डॉक्टरने १८९८ मध्येच तरुण मुलींचे ओरबाडलेले मुरूम हा वेगळा प्रकार नोंदवला. मुरूम मोजकेच, पण आरशासमोर नखांनी केलेल्या जखमा पुष्कळ. पुरुष ओरबाडत नाहीत असं नाही. पण मुलीला आरशासमोर उभं करणारे डोळे जास्त असतात.

इथे डाग आणि खड्डा यांची गल्लत होते. काळसर, सपाट राहिलेली खूण म्हणजे डाग. आपल्या सावळ्या त्वचेत सूज ओसरली की रंगद्रव्य मागे राहतं आणि उन्हाने ते गडद होतं. काही महिन्यांत, कधी वर्षभरात, ते आपोआप फिकं पडू शकतं. खड्डा मात्र बोटाला लागतो आणि तो मलमाने भरत नाही. बाई बहुतेक वेळा डागासाठी येते, कारण गोरेपणाचं ओझं तिच्यावर आहे. पुरुष येतो तो खड्ड्यांसाठी, आणि तेव्हा खड्डे जुने झालेले असतात.

दोघांची वाट एका ठिकाणी मिळते, मेडिकलच्या काउंटरवर. ‘तोंडावर लावायला काहीतरी द्या’ म्हटलं की ट्यूब मिळते. कुणाच्या मावशीने सांगितलेली, कुणाच्या मित्राने वापरलेली. तिच्यात बीटामिथॅसोन, मोमेटासोन किंवा क्लोबेटासोल असतं, म्हणजे स्टेरॉइड. आठवड्यात चेहरा उजळतो, पुटकुळ्या बसतात. मग ट्यूब बंद केली की चेहरा पेटतो, म्हणून ती पुन्हा सुरू होते. त्वचा पातळ होते, लाल रेषा दिसू लागतात, केस वाढतात आणि मुरूम पूर्वीपेक्षा जास्त येतात.

ही ऐकीव गोष्ट नाही. देशातल्या अनेक केंद्रांतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २९२६ रुग्ण तपासले आणि तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतले ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. १०४ जण मुरुमांसाठी, आणि १२६ जण गोरेपणाची किंवा रोजची क्रीम म्हणून, नाहीतर आफ्टरशेव्ह म्हणून. आफ्टरशेव्ह! दाढीनंतर गाल झोंबू नयेत म्हणून हे पुरुष जे लावत होते ते बायकांच्या गोरेपणाच्या ट्यूबमधलंच औषध. निम्म्याहून जास्त लोकांना ते डॉक्टरने सांगितलेलं नव्हतं. जबरदस्त ताकदीची स्टेरॉइड खेड्यांत आणि शहरांच्या कडेला अधिक वापरली जात होती. आणि सर्वांत जास्त आढळलेला दुष्परिणाम कोणता, तर मुरूम. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. काउंटरवर ती मनाई किती पाळली जाते, हे ज्याने त्याने आपल्या गावात पाहावं.

गोळ्यांचं वेगळं आहे, आणि बाई-पुरुष भेद खरा तिथे येतो. खोल गाठींच्या मुरुमांवर आयसोट्रेटिनॉइन हे सर्वांत प्रभावी औषध. अमेरिकेत त्याला १९८२ मध्ये परवानगी मिळाली. वेळेवर दिलं तर खड्डे पडण्याआधीच रोग थांबतो. पण गर्भावर त्याचा भयंकर परिणाम होतो. मेंदू, हृदय, कान, चेहरा, कशातही व्यंग येऊ शकतं. म्हणून बाईला ते देण्याआधी गर्भ नसल्याची खात्री, औषध चालू असताना आणि बंद झाल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळणं, हे नियम आहेत. तालुक्याच्या गावात आईला घेऊन आलेल्या अविवाहित मुलीला डॉक्टर हे कसं विचारणार? बऱ्याचदा विचारतच नाहीत. मग एक तर औषध नाकारलं जातं आणि मुलीचे मुरूम खड्ड्यांपर्यंत जातात, नाहीतर प्रश्न न विचारताच चिठ्ठी लिहिली जाते. दोन्ही वाईट. आईला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगणं अवघड नाही.

पुरुषाला हे बंधन नाही, म्हणून त्याला गोळ्या लवकर मिळतात, आणि त्याच गोळ्या तो बहिणीला किंवा बायकोला देऊ शकतो, हा धोका कोणी सांगत नाही. आणखी एक गोष्ट राहते. गोळ्या चालू असताना आणि नंतर महिनाभर रक्तदान करायचं नसतं, कारण ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढवलं जाऊ शकतं. शिवजयंतीच्या शिबिरात उत्साहाने रांगेत उभ्या राहणाऱ्या पोरांपैकी किती जणांना हे माहीत असेल? गोळ्यांमुळे त्वचा नाजूक होते, म्हणून मुलींनी या काळात चेहऱ्याचं वॅक्सिंग टाळावं. पट्टीबरोबर वरची त्वचाच निघून येते.

बाईकडे मात्र एक पर्याय असा आहे जो पुरुषाकडे नाही. स्पायरोनोलॅक्टोन हे रक्तदाबाचं जुनं औषध अँड्रोजेनला अडवतं. ४१० बायकांवर ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले आणि मुरुमांवर त्याचा उपयोग होतो हे पक्कं झालं. काही गर्भनिरोधक गोळ्याही तेच काम करतात. पुरुषाने स्पायरोनोलॅक्टोन घेतलं तर छाती वाढण्याची भीती, त्यामुळे त्याला पोटातून ते देत नाहीत. अँड्रोजेनला फक्त त्वचेतच अडवणारं, स्त्री-पुरुष दोघांनाही चालणारं क्लास्कोटेरोन हे मलम अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालं.

मुरूम थांबले, आता खड्डे. त्यांचे प्रकार २००१ पासून तीन नावांनी ओळखले जातात आणि उपचार त्या प्रकारावर ठरतो. रुग्ण बाई आहे की पुरुष यावर फारसा नाही. अरुंद आणि खोल खड्ड्यात तीव्र आम्लाचा थेंब टोकदार काडीने टेकवतात, त्याने तळाशी नवं कोलॅजन उभं राहतं. ही पद्धत २००२ मध्ये कोरियन डॉक्टरांनी मांडली. रुंद, उभ्या कडांच्या खड्ड्याला लेझर किंवा त्याचा तळ उचलून घेणं. आणि गादीला टाके घातल्यावर पडतात तसे उथळ खळगे असतील तर त्वचेला आत ओढून धरणारे धागे सुईने कापतात. त्याला सबसिजन म्हणतात. बारीक सुयांचा रोलर या सगळ्याच्या जोडीला असतो. श्रीनगरमधल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३६ पैकी ३४ जणांचे व्रण एक-दोन श्रेणींनी कमी झाले. रोलर लेझरपेक्षा स्वस्त, आणि सावळ्या त्वचेत काळे डाग पडण्याची भीतीही कमी. ऑनलाइन मागवून घरी फिरवण्याचा मोह मात्र टाळावा. चालू पुटकुळ्यांवर तो फिरवला की जंतू गालभर पसरतात.

तपशिलात फरक आहेत. पुरुषाची त्वचा जाड असते आणि दाढीच्या भागात केसांची मुळं दाट असतात. नवी त्वचा त्या मुळांपासून उगवते, म्हणून तिथल्या जखमा लवकर भरतात. पण ताज्या जखमेवर वस्तरा चालत नाही, हे त्याला बजावावं लागतं. बाईच्या बाबतीत वांग, गरोदरपण आणि अंगावर पाजणं यांचा विचार आधी करावा लागतो. पाळी गेल्यावर कोलॅजन झपाट्याने घटतं आणि त्वचा सैल होते, त्यामुळे विशीत न दिसलेले उथळ खळगे पन्नाशीत उठून दिसू लागतात. त्या वयात त्यासाठी दवाखान्यात आलेल्या बाईला ‘आता कशाला?’ असं विचारण्याचं कारण नाही.

पूर्वी आयसोट्रेटिनॉइन बंद केल्यावर सहा महिने, कधी वर्षभर, खड्ड्यांना हात लावायचा नाही असा दंडक होता. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या आणि भारतातल्याही त्वचाशल्यतज्ज्ञांच्या संस्थांनी पुरावे तपासून तो बराच सैल केला. बऱ्याच प्रक्रियांसाठी एवढं थांबण्याची गरज नाही. तरी जुन्या सवयीने अजूनही रुग्णाला परत पाठवलं जातं, आणि सबब मिळाल्यासारखा पुरुष रुग्ण पुन्हा फिरकत नाही.

भडगावच्या माणसाला यासाठी पाचोरा-चाळीसगाव करावं लागतं, नाहीतर थेट जळगाव किंवा धुळे. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि जळगावचं २०१८ मध्ये सुरू झालेलं शासकीय महाविद्यालय ही सरकारी ठिकाणं. मुरूम आटोक्यात आणणं, स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा सावरणं, फुगीर व्रणात इंजेक्शन, ही कामं खर्चिक लेझरशिवाय होतात आणि खरा फायदाही तिथेच आहे. खड्डे शंभर टक्के जातील असं जो सांगतो त्याच्याकडे पैसे भरू नयेत. निम्मे उथळ झाले तरी चांगला निकाल मानतात.

वेळेचा हिशेब मात्र पंचांगाप्रमाणे लावावा लागतो. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, आणि खानदेशात त्वचेच्या डॉक्टरकडे धाव घेतली जाते ती सुपारी फुटल्यावर. पण खड्ड्यांच्या उपचाराला चार ते सहा वेळा जावं लागतं, दर खेपेत महिन्याचं अंतर, आणि शेवटच्या खेपेनंतरही कोलॅजन तीन ते सहा महिने भरत राहतं. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा लेझर किंवा तीव्र आम्ल घेऊन दुचाकीवर फिरलं तर खड्डा राहतो बाजूला आणि काळा डाग नवा मिळतो. म्हणून उन्हाळ्यात सनस्क्रीन, रुमाल आणि गोळ्या-मलमांनी मुरूम पूर्ण थांबवणं. मृग लागला की पहिली खेप. दिवाळीपर्यंत बहुतेक काम उरकलेलं. शेवटची खेप आणि हळद यांच्यात महिनाभर तरी जाऊ द्यावा, कारण ताज्या त्वचेवर काहीही घासणं बरं नाही. हळद नवरीला लागते तशी नवरदेवालाही लागते, तेव्हा हा हिशेब दोघांनाही सारखाच.